टिल्लू पंपाच्या विरोधातली उमेदवार

गेल्या सोमवारी समुद्रपूरला तहसीलमध्ये आमच्या ग्रामपंचायतीची मतमोजणी झाली आणि आमची ही पडली. थोडीथोडकी नाही, डिपॉझिटसकट पडली. एसटीने परत येताना मी मान खाली घालून बसलो होतो आणि ही शेजारच्या बाईला वांग्याच्या भाजीत तेल किती टाकायचं ते समजावत होती...

म्हातारपणी हिला हे काय सुचलं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून लिहितो आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला, कापसाच्या जिनिंगमध्ये आयुष्य गेलेला माणूस... चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं घर गावाच्या टोकाला, नळाच्या पाइपच्याही टोकाला. आमच्या मागे फक्त कोकिळाबाईंचं घर, त्या एकट्याच राहतात. वरच्या ओळीत मात्र जवळजवळ घरोघरी टिल्लू पंप... म्हणजे नळाला लावायची छोटी मोटर, पाणी ओढून घेणारी. सकाळी नळ आले की वर घर्रर्र सुरू होतं आणि आमच्या नळातून नुसती हवा येते.

मग ही गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, घेऊन रस्त्यापलीकडच्या हापशीवर जाते. गुडघे गेलेले, रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची ये-जा... ती परत दिसेपर्यंत मी दारातून हलत नाही.

मी म्हटलं होतं, आपणही एक टिल्लू आणू. तर म्हणाली, "अन् मंग कोकिळाबाईनं का हवा प्यावं?" विषय संपला.

ग्रामसभेत हिने ही गोष्ट काढून पाहिली. सगळ्यांनी माना डोलावल्या... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या मोटरी सुरू केल्या.

यंदा आमच्या वॉर्डात बाईची जागा निघाली आणि हिने अर्ज भरला. दोन्हीकडे पॅनल, पैसा, पोरं, गाड्या... आणि मधे ही एकटी. मी म्हटलं, "अवं पडशीन ना तू!" म्हणाली, "पडन. मंग?"

मला रात्री झोप लागेना. लोक हसतील, पुलगावचे व्याही काय म्हणतील, वरची ओळ बोलायची बंद होईल... उद्या आपल्याला खांदा द्यायला कोण येईल, इथपर्यंत माझं डोकं गेलं.

अर्ज मागे घ्यायच्या आदल्या दिवशी एका पॅनलचा मुख्य माणूस घरी आला. एरवी आमच्या गल्लीत त्याची गाडी कधी वळत नाही. "काकू, तुमी काही निवडून येत नाई, कायले तरास घेता?" हिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "मी निवडून येत नाई, त तू काऊन आला बापा?"

मी मनात म्हटलं, झालं... पण ही थांबायला तयार नाही. "बरं, घेतो मागं. तू भर सभेत म्हण, समद्यायनं टिल्लू काढा म्हणून. म्हणतं का?" तो चहा अर्धा टाकून उठला. तो तरी कसं म्हणणार... टिल्लूवाल्या घरांतच तर त्याची मतं.

हिला चिन्ह मिळालं कपबशी. भोंगा नाही, फ्लेक्स नाही. प्रचाराला निघायची वेळ मात्र हिने ठरवून घेतली... नळ यायची वेळ.

पहिल्या दिवशी रिकामी गुंड कमरेवर घेऊन निघाली. मी अंगणात खुर्ची टाकून कान लावून बसलो. आता भांडण ऐकू येणार, आता कोणी हिला लावून बोलणार...

भांडण आलं नाही. वरून घर्रर्रही आलं नाही. आणि थोड्या वेळाने माझ्या मागे सळसळ असा आवाज झाला, तर मी दचकून उठलो. पाइप फुटला वाटलं... नळाला पाणी आलं होतं.

तेवढ्यात मागून कोकिळाबाई ओरडल्या, "भाऊजी, पानी आलं जी! कोन मेलं का वरतं?"

झालं असं की ही दारोदार हात जोडून उभी राहायची. "कपबशीवर बटन दाबजा, अन् टिल्लू बंद ठेवजा," एवढंच भाषण. समोर म्हातारी बाई रिकामी गुंड घेऊन उभी असताना मोटर चालू ठेवायला माणसाला लाज वाटतेच. ते बंद करायचे. ही पुढच्या दारी जायची... आणि खाली आमच्याकडे पाणी यायचं.

न जिंकणारी माणसं हौसेने उभी राहतात, नाहीतर कोणाची तरी मतं खायला, असं मला वाटायचं. तशीही असतील. पण काही गोष्टी जिंकायची आशा असलेल्या माणसाला बोलताच येत नाहीत. त्या बोलायला हरायची तयारी असलेला माणूस लागतो... आणि नुसतं बोलून भागत नाही, त्याला उमेदवार व्हावं लागतं. नाहीतर दारात कोण उभं करतं?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नळाच्या वेळेला ही पुन्हा गुंड घेऊन निघाली. म्हटलं, आता तर निवडणूक संपली, आता कुठं?

"आभार मानाले नको का? ज्यायनं मत देलं त्यायचे... अन् ज्यायनं नाई देलं त्यायचे पयले."

निवडून आलेली बाई गुलाल लावून एकदा फिरली आणि घरी बसली. आमच्या हिची आभारफेरी काही संपत नाही. आज सकाळीही गेली आहे. माझी धाकधूक काही जात नाही, पण आता हापशीकडे पाहत बसत नाही मी...

थांबतो. बादली भरून वाहते आहे आणि अजून कोकिळाबाईंचा हंडा भरायचा आहे.