चांदोबाईंची अमावस्या

चांदोबाईंचं खरं नाव तारांगणात कुणाला आठवत असेल तर शप्पथ. शाळेच्या कुठल्याशा सहलीतल्या पोरांनी त्यांना चांदोबाई म्हटलं, आणि साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांनी ते उचललं. बाईंना राग यायचा का? छे! "शनीबाई नाही म्हणत, हे काय कमी आहे?" असं म्हणून त्या हसायच्या.

काम म्हणाल तर गोल घुमटाखाली अंधारात माइक धरून बोलायचं. सूर्य हा तारा, त्याच्याभोवती फिरतात ते ग्रह, ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून दिवस-रात्र होते, सूर्याभोवती फिरते म्हणून वर्ष सरतं. सगळं तोंडपाठ, तरी रोज पहिल्यांदाच सांगतेय अशा थाटात. शनीची कडी दिसली की पोरं हॉल डोक्यावर घ्यायची आणि बाई त्यांना खुशाल घेऊ द्यायच्या. प्लुटोला ग्रहांतून काढून बटुग्रह ठरवलं, तेव्हा मात्र बाई अशा भडकल्या होत्या, जणू शेजारच्या बिचाऱ्याला कुणी सामानासकट बिऱ्हाडातून बाहेर काढलं.

हॉलच्या मधोमध उभा असलेला तो जाडजूड प्रोजेक्टर म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा प्रांत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. तेलपाणी, दिवे बदलणं, अडलेली चाकं सोडवणं, सगळं त्यांच्याकडे. चंद्राच्या कलांचा भाग त्यांनीच बसवलेला. घुमटावरचे सगळे तारे विझायचे, एकटा चंद्र उरायचा. पौर्णिमेपासून तो झिजत झिजत नखाएवढी कोर व्हायचा आणि मग तीही जायची. मिट्ट काळोख! साहेब तेव्हा म्हणाले होते, थोडे तारे तरी राहू द्या. मिस्त्री हट्टाला पेटले. "अमावस्या म्हणजे अमावस्या वाटली पाहिजे, साहेब."

मिस्त्री निवृत्त झाले आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या हातून सुटायला लागली. आधी किल्ल्या. मग घरचा रस्ता. एकदा शेगडीवर रिकामं पातेलं जळत ठेवून हा माणूस जिन्यात अनवाणी बसलेला सापडला. विचारलं तर म्हणे, "वाट बघतोय." कुणाची, ते सांगता येईना. त्या दिवसापासून बाई त्यांना कामावर बरोबर आणायला लागल्या. दाराजवळची शेवटच्या रांगेतली खुर्ची त्यांची. घरी दर घटकेला उठणारा, कड्या उघडून बघणारा माणूस इथे बायकोचा आवाज सुरू झाला की मुकाट बसायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांपेक्षा बाईंचा या आवाजावरच जास्त भरवसा होता.

लेक दुसऱ्या गावी. तिने फोनवरून टुमणं लावलं होतं, "आई, तुझे हाल बघवत नाहीत गं." शेवटी मायलेकी जाऊन विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक जागा बघून आल्या. जागा स्वच्छ होती, नर्स गोड बोलत होत्या, खिडकीत रोपंही होती. पण खोलीच्या दाराला कडी बाहेरून. ती बघितली आणि बाईंच्या काळजात चर्र झालं. "माझा आवाज ओळखतायत तोवर नाही," त्यांनी लेकीला ठणकावलं. "ज्या दिवशी ओळखणार नाहीत, त्या दिवशी मीच तुला फोन करीन."

आणि मग ती अमावस्या आडवी आली. एका खेळात चंद्र विझला, काळोख झाला, बाई पाणी प्यायला क्षणभर थांबल्या आणि मागून किंकाळी आली, "अगं! अगं, कुठं आहेस?" मोठी पोरं फिदीफिदी हसली, लहान रडायला लागली. "इथेच आहे हो, बसा तुम्ही," बाई माइकवरूनच बोलल्या आणि मिस्त्री बसले. साहेबांनी बाईंना बोलावून समज दिली. साहेब माणूस वाईट नव्हते, पण हॉल त्यांना चालवायचा होता.

बाईंनी काय करावं? अमावस्याच गाळली! जाणारी कोर दिसली की लगेच येणारी कोर, मधे अंधार नाहीच. मी खोटं कुठे बोलतेय, एक दिवस तेवढा सोडतेय, असं त्या मनाला समजवायच्या. मन काही समजत नव्हतं. इतकी वर्षं पोरांना खरं सांगून पोट भरलं होतं, आता अंधाराला घाबरून त्यांच्या डोळ्यांसमोर चंद्राला उडी मारायला लावत होत्या. रोज त्या जागेवर आल्या की त्यांची जीभ जड व्हायची.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका शाळेच्या शिक्षिका तणतणत आल्या. परीक्षेत अख्ख्या वर्गाने लिहिलं होतं, चंद्र कधीच दिसेनासा होत नाही. का, तर तारांगणातल्या बाईंनी दाखवलं! बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. शिक्षिका गेल्यावर साहेबांनी दार लोटलं. "उद्यापासून अमावस्या दाखवायची, चांदोबाई. आणि मिस्त्री परत ओरडले, तर त्यांना हॉलमध्ये बसता येणार नाही. मलाही वाईट वाटतं हो."

सकाळी चहाच्या वेळी बाईंनी नवऱ्याला चार-चारदा बजावलं, "आज अंधार होईल. घाबरायचं नाही. मी बोलतच राहणार आहे."

"मी कशाला घाबरू?" मिस्त्री म्हणाले आणि बशीतला चहा फुंकत बसले.

खेळ सुरू झाला. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ. गुरूचे उपग्रह, शनीची कडी, पोरांचा गिल्ला. मग तारे विझले आणि एकटा चंद्र उरला. तो झिजायला लागला तसा बाईंनी माइक तोंडाजवळ घेतला. मागे बघायचं नाही, थांबायचं नाही. कोर गेली. स्वतःचा हात दिसेना असा काळोख झाला आणि बाई बोलत राहिल्या, "घाबरू नका. चंद्र कुठेही गेलेला नाही. तो आत्ता सूर्य आणि पृथ्वीच्या मधे आहे. त्याच्या ज्या बाजूवर ऊन पडलंय ती सूर्याकडे आहे, आपल्याकडे आहे ती काळोखी बाजू. म्हणून तो असूनही आपल्याला दिसत नाही. याला म्हणायचं अमावस्या."

मागून हूं नाही की चूं नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. बसले! शहाण्यासारखे बसले!

"अहो बाई," शेवटच्या रांगेतून आवाज आला. हळू, अगदी अदबीने. "मधेच बोलतो, माफ करा. तुम्ही फार छान सांगता. पण माझी बायको इथेच कामाला असते, ती कुठे दिसत नाही. तिला जरा हाक माराल का?"

कुणी हसलं नाही. पोरांना वाटलं, हाही खेळातलाच भाग असेल. बाईंच्या हातात माइक तसाच होता. आतून हुंदका आला तो त्यांनी गिळला, कारण पुढचा आवाज हॉलभर जाणार होता.

"मारते हं," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही."

"उपकार होतील," मिस्त्री म्हणाले आणि बसले.

बाईंनी चाचपडत बटण शोधलं, नवी कोर उमटवली, पौर्णिमेपर्यंत नेली. खेळ एका शब्दाचीही चूक न होता संपला.

बाहेर साहेब खुशीत होते. "बघा, ओरडले नाहीत! उगाच धास्ती घेतली आपण. आणा त्यांना उद्यापासून, माझी काही हरकत नाही."

"नाही आणणार," बाई म्हणाल्या.

जिन्याच्या कठड्याला टेकून बाईंनी लेकीला फोन लावला. "त्या जागेत खोली रिकामी आहे का, विचार." इतके दिवस मागे लागलेली लेक एकदम रडायलाच लागली. "एवढ्यात नको गं आई, थोडं थांबूया." बाई पदराने नुसते डोळे पुसत राहिल्या.

मिस्त्री शेजारी उभे होते. ते जरा पुढे वाकले आणि त्यांनी हळूच विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का हो, बाई?"