खांदेमळणी झाल्यावरचा खून

अंबडजवळच्या आमच्या गावातून निघालो तेव्हा शेजारचा कोंडिबा गाडीच्या खिडकीत मुंडकं घालून म्हणाला, "जा बाबा. करमलं न्हाई तर सरळ परत ये." मी म्हणलं, येतोच. बायको, सरू, गेल्यापासून घरात धड चूल पेटत नव्हती, म्हणून पोरगा नव्या जालन्याला न्यायला आल्ता. मला यायचंच नव्हतं.

गावकऱ्यांनो, अन् माझ्यासारखे लेकाच्या फ्लॅटात येऊन पडलेल्यांनो, तुमच्यासाठीच लिहून राह्यलो.

गावात दार उघडलं की माणूस दिसायचं. इथं लिफ्ट दिसते. बोलावं कोणाशी? मंग सुनेनं, वर्षानं, एक मालिका लावून दिली. हिरवं खेडं, अन् स्कूटीवर फिरून खुनी पकडणारी रिटायर नर्सबाई. रक्त न्हाई, मारामारी न्हाई, मुडद्यापेक्षा चहाच जास्त. बिलकुल गोड कारभार! माझी सरू तापानं गेली. नेमकं काय झाल्तं, एकाही डॉक्टरानं नीट सांगितलं न्हाई. नर्सबाई मात्र शेवटी सगळ्यांना ओट्यावर बसवते अन् कोण, का, कसं, बराबर सांगते. लई बरं वाटतं जिवाला.

तरी गावाला जायचं म्हणून बॅग भरली होती. शनिवारी सकाळची एसटी. शुक्रवारी सांजच्याला मालिकेत गिरणीवाला मेला. त्याचा भाऊ पोलिसाला म्हणतो, "खांदेमळणी केली अन् बैल घेऊन कपाशीत औत हाणत होतो." मी सोफ्यावरून उठलोच! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळल्यावर त्याला औताला कोणी जुंपतं का?

"खोटं बोलतो हा! धरा त्याला!"

वर्षा म्हणाली, "बाबा, बसा खाली. खुनी ती मास्तरीण आहे. हसते कशी बघा."

"तुला काय कळतं बैलातलं?"

"अन् तुम्हाला बायकांतलं?"

पोरगा हसून लोळायला लागला. तेवढ्यात मालिका थांबली. राहिलेलं उद्या! आता असं अर्ध्यात सोडून माणूस एसटीत बसेल का? गेलो न्हाई.

शनिवारी खुनी निघाली मास्तरीण. भाऊ खरंच औत हाणत होता म्हणे! म्हणजे लिहिणाऱ्यानं जन्मात बैल पाह्यला न्हाई. मी टीव्हीला शिव्या घातल्या. वर्षा टाळ्या पिटत म्हणे, "हरलात, बाबा!" सरू असती तर तीपण सुनेच्याच बाजूनं झाली असती. हसता हसता डोळे भरून आले.

बॅग रिकामी केली. गावाकडं टीव्ही आहे, लाईट आहे. पण तिथं घरात मी एकटा; मी ज्याला खुनी म्हणेन तोच खुनी, आडवं बोलायला कोणी न्हाई. इथं सून तोंडावर म्हणते, तुमचं चुकलं. पुढच्या शुक्रवारी नवा खून होणार, त्यात तिला हरवल्याबिगर मी इथून हलत न्हाई.