गादीवाल्याचा खोकला

गादीवाल्याचा खोकला सगळ्या गल्लीला तोंडपाठ होता. जन्मभर त्याने कापूस पिंजला, गाद्या भरल्या, उशा शिवल्या. लोक त्याच्या गाद्यांवर ढाराढूर झोपले आणि कापसाची धूळ याच्या छातीत मुक्कामाला आली. दवाखान्यात छातीच्या विभागात एक बाई होत्या. त्या पाठीवर थापट्या मारून कफ सुटा करायच्या आणि दरडावायच्या, "लाजू नका, खोका! आत राहिला तर जीव घेईल." तो मोकळा होऊन घरी यायचा आणि दिवसभर थट्टा करत हिंडायचा.

मग साथ आली. छातीचा विभाग साथीच्या रोग्यांना दिला, बाईंना तिकडेच जुंपलं आणि याला फाटकावरूनच पिटाळलं. फोन केला तर उत्तर ठरलेलं, "तुमचा आजार जुनाच आहे ना? मग थांबा." जुना आजार म्हणजे जणू जुनी खुर्ची, कोपऱ्यात सरकवली की झालं!

गल्लीला मात्र तोच खोकला ऐकून आता धडकी भरायची. खालच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यातून ओरडली, "पुन्हा आवाज आला तर साथीची गाडी बोलावून उचलायला लावीन हं!" त्या गाडीतून गेलेलं कोणी अजून परतलं नव्हतं. बायकोने त्याच्याच हातची उशी त्याच्यापुढे टाकली.

"अहो, यात तोंड खुपसून खोका. नाहीतर गिळून टाका. पण आवाज नको."

"अगं, बाई म्हणाल्या होत्या की…"

"बाई येणारेत का तुम्हाला सोडवायला?"

कसबी माणूस, हेही मन लावून शिकला. उबळ आली की उशी उचलायचा. डोळे लाल व्हायचे, खांदे गदगदायचे, आवाज नाही. पुढे पुढे तर त्याने खोकणंच सोडलं. बायको शाबासकी द्यायची, तो लहान मुलासारखा हसायचा. ओठ काळेनिळे पडले, तेही तिने थंडीवर ढकललं. तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिला त्या गाडीचीच जास्त भीती होती.

एका सकाळी शेजारीण जिन्यातून चक्क गोड आवाजात म्हणाली, "बरे झाले वाटतं तुमचे हे! खोकला अगदी ऐकू येत नाही." बायकोला कोण आनंद झाला. ती सांगायला आत धावली.

"अहो, ऐकलंत का? सुटलो आपण!"

तो उशीत तोंड खुपसून पालथा पडला होता. तिने हलवलं. अंग गार होतं.

हंबरडा तिच्या गळ्याशी आला. शेजारीण अजून जिन्यातच उभी होती. बायकोने त्याच्या तोंडाखालची उशी ओढून घेतली, आपल्या तोंडावर घट्ट दाबली, आणि मग रडली.