दोनच कडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवळात एकटा उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही. तोंडच उघडत नव्हतं. आणि तोंड हेच तर माझं काम — जन्मभर शिंग फुंकत आलो. आमच्या वाडीपासून कुंभारवाड्यापर्यंत, तिथून सुप्याच्या बाजारापर्यंत कुणालाही विचारा, पालखीचं पुढचं शिंग कुणाचं? माझंच नाव सांगतील. ते नाव कानावर आलं की हल्ली मला एका जागी बसवत नाही. उठतो, गोठ्यापर्यंत जातो, परत येतो. हे लिहितानाही दोनदा उठून आलो.

कुठून सुरू करू? शिंगापासून करतो. ते सोपं आहे.

आमचं शिंग म्हणजे जनावराचं नव्हे. धातूच्या दोन वाकड्या नळ्या एकमेकींत बसवायच्या, सांध्याला मेण लावायचं, आणि फुंकण्याआधी आतून तांब्याभर पाणी फिरवून घ्यायचं. कोरड्या शिंगातून वारा गळतो, सूर फाटतो. नवखा माणूस गाल फुगवतो आणि पालखी देवळाच्या पायऱ्या उतरायच्या आत दमतो. वारा बेंबीपासून यायला लागतो. हे मला नागूअण्णांनी शिकवलं — मला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून. पाणी पोटाला चहूकडून दाबतं, मग वारा कुठून निघतो ते आपोआप कळतं.

नागूअण्णा आमच्याच वाडीचे. पालखीला दोन शिंगं असतात — पुढचं हाक घालतं, मागचं ओ देतं. पुढचं माझ्या वडलांचं, मागचं अण्णांचं. वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि माझ्या शिंगातून नुसती फरफर निघायची. अण्णांनी पुढची जागा मागितली असती तर देवळाचं बघणाऱ्या गावकरांनी त्याच दिवशी दिली असती. त्यांनी मागितली नाही. "जागा त्याच्या बापाची हाय. पोरगा येईल वर," म्हणाले, आणि मला नदीत उभं केलं. सात वर्षं माझ्या मागे चालून माझ्या चुकलेल्या हाकेला बरोबर ओ देत राहिले.

आता कड्यांचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या पाच गावांत पिकल्या माणसाचं मढं वाजत नेतात. पण मढ्याचं शिंग वेगळं. ते घरात येत नाही, गोठ्याच्या आढ्याला टांगतात, आणि देवापुढे तर मुळीच नाही. ओळखायचं कसं? तोंडाशी नळीवर कडी असतात, बांगड्यांसारखी. तीन कडी देवाची, दोन मढ्याची. एवढी साधी गोष्ट. आमच्यात लहान मुलंही शिंग दिसलं की आधी कडी मोजतात.

आमची जत्रा भातं खळ्यावरून घरात आली की असते, तीन दिवसांची. त्या वर्षी जत्रेच्या आठ दिवस आधी अण्णा रानात कंद खणायला गेले होते. वरच्या अंगाला एक मोडलेली वस्ती आहे. जोती तेवढी उरलीत, माणसं कधी उठून गेली कुणाला ठाऊक नाही. तिथे त्यांची पहार खण्णकन वाजली. दगडाचा आवाज त्यांना कळतो, हा दगडाचा नव्हता. हातांनी माती उकरली तर शिंग. हिरवंगार झालेलं, तोंडात मुळं शिरलेली, पण कुठे चीर नाही.

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी देवळापुढच्या वडाखाली आम्ही शिंगवाले नेहमीसारखे बसलो होतो. बाजारकुणंगचे भिकूमामा दर वर्षी येत आणि दर वर्षी आपलं शिंग कुठल्याशा फौजेतून पळून आलेल्या शिपायाचं आहे ही गोष्ट सांगत. दर वर्षी तो शिपाई एका घाटानं जास्त चालायचा. अण्णांनी गोणपाट सोडलं तशी मामांची गोष्ट घाटातच अडकली.

"नागू, हे कुठल्या राजाचं चोरलंस रं?"

"राजाचं न्हाई मामा, कंदाचं. कोनाचे कंद खणत होतो."

"आन तीन कडी?"

"बोटानं मोजली की. मातीच हाय वर, पण हायत तीन."

मामांनी नखानं शिंग टिचकावलं आणि कान लावला. असली काशाची नळी आता कुणी ओतत नाही म्हणाले, तांबट हल्ली पत्रा वाकवून सांध्याला डाग देतात. मग माझ्या शिंगाकडे बघून डोळा मारला. "इठूच्या शिंगातनं सूर न्हाई, म्हशीचा खोकला येतोय. ह्याला दे हे, बरा होईल." सगळे हसले. मीही हसलो. अण्णा तेवढे हसले नाहीत. "त्याचा सूर बेस हाय," म्हणाले.

संध्याकाळच्या लहान पालखीला अण्णांनी ते शिंग फुंकलं. मागूनच.

कसं सांगू? माझ्या हाकेला जी ओ आली ती माझ्या हाकेपेक्षा मोठी होती. आमच्यात शेवटचा चढा सूर असतो. तो मला सात वर्षं कधी लागला नव्हता, शेवटी फाटायचाच. अण्णांच्या नव्या शिंगातून तो निघाला आणि समोरच्या डोंगराला लागून परत आला. पालखीचे भोई चालता चालता थांबले. बाया रडल्या. दाजी गावकर — आमच्या देवळाचं सगळं त्यांच्या शब्दानं चालायचं — तिथल्या तिथे म्हणाले, "परवाच्या मोठ्या पालखीला हे शिंग पुढं."

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी मान डोलावली. काय करणार होतो दुसरं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शिंग घेऊन माझ्या दारात आले. मोठ्या पालखीला ते लखलखीत हवं होतं, आणि धातू घासायला हात माझाच चांगला. चिंच आणि राख घेऊन मी ओढ्यावर बसलो. उन्हं चांगली वर आली होती. माती गेली, हिरवं निघालं, खाली पिवळं दिसू लागलं. तीन कडी होती. मी मोजली. तिसरं कडं हलत होतं — जुना डाग खाऊन गेलेला. जरा पिळलं आणि ते पुढे सरकून माझ्या हातात आलं.

इथपर्यंत माझा काही दोष नाही. मी मुद्दाम तोडलं नाही. मेण लावून परत बसवता आलं असतं, अण्णांना हाक मारता आली असती — त्यांचं घर हाकेच्या अंतरावर होतं. मी ते कडं तळहातावर घेऊन बसलो. किती वेळ? माहीत नाही. मग शेजारच्या शेताच्या बांधात, चिखलात अंगठ्यानं खोल दाबून टाकलं.

आणि तेवढ्यानंही भागलं नसतं. कडं जिथे होतं तिथे नळीवर फिका पट्टा उमटला होता, बांगडी काढल्यावर मनगटावर उमटतो तसा. तो ज्याला दिसेल त्याला सगळं कळेल. म्हणून मी तो घासला. चिंचेनं, राखेनं, मग वाळूनं. दुपारचं जेवण चुकवून घासला, बोटांची सालं गेली. नळी एकसारखी दिसेपर्यंत घासत राहिलो. रागाच्या भरात हात सुटला असं मी कधीच म्हणू शकणार नाही. पट्टा घासायला सबंध दुपार लागली, आणि त्या सबंध दुपारी मला कळत होतं मी काय करतोय.

तिसऱ्या दिवशी पालखी निघायच्या वेळी शिंग वडाखाली ठेवलं. उन्हात असं चमकत होतं की लोक वाकून बघत होते. पहिल्यांदा एका लहान मुलीनं कडी मोजली. मग भिकूमामांनी. मग दाजींनी.

"नागू," दाजी म्हणाले, "ही दोन हायत."

अण्णा पुढे झाले, बोट फिरवलं. परत फिरवलं. "न्हाई दाजी, तीन होती. मी मोजलीत." मग त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. माझ्याकडे वळून म्हणाले, "इठूला ठाऊक असंल की! त्यानंच धुतलंय. इठू, सांग बघू, किती होती?"

साक्षीला त्यांनीच मला बोलावलं. मी खोटं बोलेन हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं.

मी म्हणालो, "दोनच."

नुसतं "दोन" म्हणालो असतो, तर कदाचित कुणी पुढे विचारलं असतं — नीट बघितलंस का, एखादं पडलं तर नसेल, ओढ्यावर जाऊन बघूया. तो "च" मी लावला. त्या "च"नं सगळी दारं लावून घेतली. आजही कुणी बोलताना नुसतं दोनच म्हणालं — दोनच भाकऱ्या, दोनच बैल — की मी तिथून उठतो.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओळखतील. पण त्यांनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "मग माझंच बोट चुकलं असंल."

म्हणजे त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या बोटावर ठेवला नाही. हे तुम्हाला कळतंय का? मला बावीस वर्षं झाली, अजून नीट कळत नाही.

मढ्याचं शिंग देवापुढे फुंकलं म्हणून त्या वर्षी पालखी निघालीच नाही. देऊळ धुतलं. ते शिंग काळी नदीच्या डोहात सोडलं. अण्णांनी देवापुढे नारळ ठेवून, नाक घासून न केलेल्या चुकीची माफी मागितली. ती मागताना मी चार हातांवर उभा होतो. त्यानंतर त्यांनी कुठलंच शिंग ओठाला लावलं नाही. त्या उन्हाळ्यात गुरांत रोग आला आणि बोटं त्यांच्या घराकडे वळली. पाणवठ्यावर त्यांची बायको गौराक्का आली की बाया आपापल्या घागरी मागे ओढायच्या. दुसऱ्या पावसाळ्याच्या आत दोघं खानापुराकडे तिच्या भावाच्या गावी निघून गेली. जाताना अण्णा मला सांगून गेले, चढ्या सुराला मान वर करू नकोस, गळा आवळतो.

आणि सूर लागला. हेही लिहिलंच पाहिजे. मान सरळ ठेवली आणि चार-पाच महिन्यांत लागला. माझं जे नाव झालं ते त्यानंतर.

पुढे बऱ्याच वर्षांनी सुप्याच्या बाजारात एक म्हातारा तांबट भेटला, भांड्यांना डाग देत हिंडणारा. बोलता बोलता मी विचारलं, देवाच्या शिंगाला तुम्ही कडी कशी घालता? तो हसला. "देवाची न मढ्याची असं काय नसतंय हो. नळी तिथं उसवू नये म्हणून घालतात. गिऱ्हाईक म्हणंल तेवढी. मी एकही घातलेलं हाय, पाचही घातलेली हायत."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं का? नियमच पोकळ होता, म्हणून खोटंही हलकं? मी तसा हिशेब करून पाहिला. जमला नाही. नियम पाच गावांचा होता, "दोनच" माझं होतं. उलट त्या दिवसापासून मला एक सोपी वाट दिसू लागली. गावकरांना तांबटाचं सांगायचं, अण्णांवरचा डाग पुसायचा, आणि माझं नावही न घेता सगळं मिटवायचं. तेवढंसुद्धा मी केलं नाही. कारण कुणीतरी विचारलं असतं — आज बरी आठवण झाली तुला?

गेल्या जत्रेला अण्णा आले. सत्तरी ओलांडलेली, पुतण्याच्या खांद्यावर हात. वडाखाली बसणार नाही म्हणाले, लांब जोत्यावर टेकले. नव्या पिढीला ते कोण हे ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते जरा सरकून बसले. मी फुंकलं. चढा सूर डोंगराला लागून आला. पालखी देवळात गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. मनाशी ठरवून गेलो — आता, इथेच, लोकांसमोर.

"इठू," म्हणाले, "लागला की रं तुझा सूर. मी त्या दिवशी चुकलो ते देवाच्याच मनात असंल. पुढची जागा तुझीच होती."

मी त्यांच्या पाया पडलो. लोकांना वाटलं, शिष्य गुरूच्या पाया पडतोय. कौतुकानं बघत होते. तोंडात शब्द आले होते, अगदी ओठांपर्यंत. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी तो ठेवू दिला. आणि उठून पालखीकडे गेलो.

शिमग्याच्या आधी ते गेल्याचं कळलं.