कोवीअण्णांचे तीस आकडे

कोवीअण्णांबरोबर ऐतिहासिक सिनेमाला जाणं म्हणजे चारचौघांत शोभा करून घेणं. पडद्यावर पहिली बंदूक उडाली की ते खुर्चीच्या कडेला सरकून मोजायला लागत. एक, दोन, तीन... मनातल्या मनात नव्हे, चांगलं पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं. ठासणीची बंदूक पुन्हा भरायला सरावलेल्या माणसालाही तीस आकडे लागतात, हे त्यांचं गणित. नायकाने दहाच्या आत दुसरी गोळी झाडली की अण्णा उठत, "खोटं!" म्हणत आणि सगळ्यांचे पाय तुडवत बाहेर जाऊन बसत. अक्का, म्हणजे त्यांची बायको, मात्र शेवटपर्यंत बसायच्या. "मला आवडतंय की," म्हणायच्या.

कोवी म्हणजे कन्नडात बंदूक. हे नाव त्यांना बसवनगुडीतल्या गल्लीने दिलं होतं आणि खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं होतं. मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेळगावहून सिनेमात काम करायला म्हणून बंगळूरला आले आणि त्यांच्या शेजारच्या घरात खोली घेऊन राहिले. मराठी बोलणारी मुलगी आलीय म्हटल्यावर अक्कांनी पहिल्याच दिवशी जेवायला बोलावलं. अण्णांनी भात कालवता कालवता मला विचारलं, "सिनेमावाली ना तू? मग सांग की, जामगी विझलेली असताना कोवी उडते कशी?" जामगी म्हणजे त्या जुन्या बंदुकीची जळती वात, हेसुद्धा मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घराण्यात कुणी लढवय्या असेल म्हणून एवढं वेड, असं मला वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. त्यांचे मराठी पूर्वज पलटणीचे कपडे शिवायला इकडे आले आणि इथलेच झाले. अण्णा स्वतः सरकारी कारखान्यात टूलरूमला होते. केसाएवढा फरक बोटाने ओळखायचा, हे आयुष्यभराचं काम. निवृत्त झाल्यावर पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत एका मित्राच्या शेडमधलं एक जुनं लेथ त्यांनी वापरायला मिळवलं आणि तिथे म्युझियममधून काढून आणलेल्या मापांवरून जुन्या बंदुका घडवायला लागले. नळ्या आतून बंद, त्यामुळे गोळी सुटायचा प्रश्न नव्हता. नळीच्या उजव्या अंगाला छोटी वाटी, त्यात चिमूटभर दारू, तिला वात टेकली की भसकन धूर. बस्स, एवढंच.

"पण अण्णा, बघतंय कोण?" असं मी एकदा विचारलं. हा प्रश्न त्यांना सगळेच विचारत. ते चिडले नाहीत. कानस खाली ठेवून म्हणाले, "स्वल्प विचार कर गं. एक बार काढला की तो शिपाई तीस आकडे उभा राहायचा. हातात रिकामी नळी आणि समोरून घोडे येतायत. पळायचं नाही, दारू ओतायची, गज मारायचा, वात फुंकायची. ते भय त्याने भोगलंय. आपण चार गोळ्या धडाधड उडवून ते पुसून टाकायचं? एकदा, एकदाच ते खरं दाखवा. बघणारा एक जण तरी असतोच." त्यानंतर मी कधी त्यांची चेष्टा केली नाही.

मग मला एका पाळेगाराच्या, म्हणजे जुन्या काळच्या किल्लेवाल्या सरदाराच्या, सिनेमात काम मिळालं. कंटिन्युइटीचं, म्हणजे कुणाच्या कपाळावर कुठे जखम होती, कोण कुठल्या बाजूला बघत होतं, हे वहीत टिपून ठेवायचं. दिग्दर्शकांना मी अण्णांच्या शेडवर घेऊन गेले. दुनळी शिकारी बंदुकांना लाकूड चिकटवून काम भागवायचं असं त्यांचं ठरलं होतं. अण्णांनी एक बंदूक त्यांच्या हातात दिली आणि स्वतः मोजायला लागले. दिग्दर्शक बिचारे घामाघूम होऊन तीस आकडे ठासत राहिले आणि शेवटी हसून म्हणाले, "सरी अण्णा, चालेल, हे दाखवू या."

अठरा बंदुका झाल्या. अण्णांनी महिनाभर अठरा माणसांना कवायत शिकवली. रोजावर आलेली ती माणसं आधी कुरकुरली, मग त्यांनाच गोडी लागली. चित्रदुर्गाच्या पलीकडे एका पडक्या किल्ल्यावर चित्रीकरण झालं. घोडे येतायत, अठरा जण भरतायत, एकच लांबलचक शॉट, मध्ये कुठेही कट नाही. अण्णा कॅमेऱ्यामागे उभे राहून मोजत होते आणि या वेळी त्यांना कुणी गप्प बसा म्हटलं नाही. शॉट संपल्यावर ते बाजूला जाऊन रडले. इतका आनंदी माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही.

आता माझी करणी सांगते. सिनेमात एक सैन्य उजवीकडे बघत असलं तर समोरच्याने डावीकडेच बघायला हवं, नाहीतर दोघंही एकाच दिशेला तोंड करून लढतायत असं दिसतं. त्या दिवशी जेवणानंतर कॅमेरा खंदकाच्या दुसऱ्या अंगाला नेला होता आणि माझा गोंधळ उडाला. कॅमेरामनला विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण "एवढंही कळत नाही का?" असं तो सगळ्यांसमोर म्हणेल, म्हणून शिपायांनी कुठल्या बाजूला बघायचं ते मी अंदाजाने लिहिलं. दिग्दर्शकांनी माझ्या वहीवर विश्वास ठेवला.

चूक संकलनाच्या टेबलावर उघडी पडली. किल्ल्याची परवानगी संपलेली, माणसं पांगलेली. संकलकाने साधा उपाय काढला. अठरा शिपायांचा तो लांबलचक शॉट उलटा छापायचा, आरशात दिसतो तसा. सैन्याचं तोंड फिरलं, काम झालं. आरशातून पाहिलं की उजव्याचं डावं होतं हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं होतं. मी तोंड उघडलं नाही. निभावलं एकदाचं, म्हणून सुटकेचा श्वास टाकला.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं सिनेमाला गेलो. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. तो प्रसंग आला, ते कडेला सरकले आणि मोजायला लागले. सातवर थांबले. पडद्यावर अठराच्या अठरा शिपाई डावखुरे झाले होते, तलवारी उजव्या कमरेला लटकत होत्या आणि वाट्या नळीच्या डाव्या अंगाला आल्या होत्या. "हे माझं नव्हे," अण्णा म्हणाले. उठून मात्र गेले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "कॅमेऱ्यात असं होतं का गं?" मी म्हटलं, "लॅबमध्ये होतं कधी कधी."

तीन आठवड्यांनी निर्मात्याच्या ऑफिसातून एक पत्र त्यांच्याकडे आलं. शिवमोग्ग्याच्या एका निवृत्त शिक्षकाने लिहिलेलं, सुंदर कन्नड अक्षरात, रंजकाची, म्हणजे त्या चिमूटभर दारूची, वाटी कुठे असते याच्या आकृतीसकट. ज्या कुणी ही हत्यारं केली त्याने आयुष्यात खरी कोवी पाहिलेली नाही, असा शेवट होता. अण्णांनी ते मला वाचून दाखवलं, राग न येता. "बरोबर लिहिलंय त्याने," म्हणाले. "हाच तो. बघणारा." आणि मग त्यांचा चेहरा असा पडला की मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली. ओरडले असते तर बरं झालं असतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. शेवटी अण्णांनी ते पत्र माझ्यापुढे सरकवलं. "मी लिहिलं तर त्याला वाटेल, म्हातारा सारवासारव करतोय. तू लिही. कोव्या बरोबर होत्या एवढंच लिही. दुसऱ्या कुणाला नको कळायला, या एकट्याला कळू दे."

मी हो म्हटलं आणि लिहिलं नाही. माझी चूक सहीनिशी कागदावर जाणार होती. त्याच दिग्दर्शकांच्या पुढच्या सिनेमात मला घ्यायची बोलणी चालली होती आणि ते पत्र फिरून ऑफिसात आलं तर, या भीतीने मी आज-उद्या करत राहिले. अण्णा पहिल्या महिन्यात दोनदा विचारून गेले. मग विचारायचे थांबले. पीण्याला जाणंही थांबलं. त्या बंदुका एका हॉटेलवाल्याने भिंतीवर टांगायला नेल्या, अण्णांनी त्याला मापंबिपं काही सांगितली नाहीत. पुढचा सिनेमा मला मिळाला. त्याचं चित्रीकरण चालू असतानाच अण्णा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्या आठवड्यात मी पत्र लिहिलं. चार पानं लिहिली, काहीही लपवलं नाही. वाटी उजव्या अंगाला होती, चूक माझी होती, आणि तुमच्यासारख्या माणसासाठीच अण्णांनी त्या बंदुका केल्या होत्या, हेही लिहिलं. सतरा दिवसांनी पाकीट न फोडलेलं परत आलं. पत्त्यावर आडवी रेघ मारून पोस्टमनने कन्नडात लिहिलं होतं, गृहस्थ दोन महिन्यांपूर्वी वारले.