सत्यवानाचं गाऱ्हाणं

सत्यवानाला 'नको' म्हणता येत नाही, हे अख्ख्या कट्ट्याला ठाऊक आहे. जेवणावळीत चौथा वडा पानात पडला तरी तो मुकाट्याने खातो आणि घरी येऊन ओवा चघळत बसतो. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तेव्हापासून मी हे बघतोय आणि माझं डोकं फिरतंय.

हा माणूस टीव्हीवरच्या एका मालिकेला पार्श्वसंगीत देतो. मुंबईहून रोज भाग येतो. सत्यवान माडीवरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून त्याला संगीत चढवतो आणि संध्याकाळपर्यंत परत पाठवतो. आठवड्याला सहा भाग, अशी साडेचार वर्षं. सुरुवातीला प्रत्येक प्रसंगाला काहीतरी नवं करायचा. आता संगणकात तयार तुकडे आहेत, त्यांना नावं आहेत: रडणं एक ते चौदा, सासूचा संशय एक ते नऊ. दिग्दर्शक केयूर फोनवर सांगतो, "सत्या, संशय सात लाव, पण जरा मायेचा कर." संशय मायेचा कसा करायचा, हे सत्यवान विचारत नाही. करून देतो.

एकदा आईचा विषय निघाला तेव्हा मला म्हणाला, "आवस रडाक लागली तरी माझ्या मनात पयलो रडण्याचो नंबर येता रे." म्हणाला हसत, पण डोळे भरले होते.

त्याची आई लीलाकाकी मात्र या मालिकेवर जगते. नवरा गेल्यापासून घर ओकंबोकं झालं होतं, आता साडेसातला वाडीतल्या पाच-सहा बायका तिच्या ओटीवर जमतात आणि ती मधूनमधून सांगते, "ह्या बघ, ह्या माझ्या झिलान वाजवल्यान." तिच्यासमोर काम सोडण्याचा विषय काढायची त्याची छाती नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर एकाच आठवड्यात दोन गोष्टी आल्या. केयूरने आणखी दोन वर्षांचा करार सहीला पाठवला. आणि शर्मिष्ठा नावाच्या बाईंचा फोन आला. त्या आरोंद्याच्या खाडीवर सिनेमा करत होत्या आणि सत्यवानाच्या कॉलेजातल्या चाली त्यांनी कुठेतरी ऐकल्या होत्या. "सहा महिने खाडीवर राहा, तिथे जे ऐकाल त्यातून संगीत करा," असं त्यांचं म्हणणं. मालिका सोडल्याशिवाय ते शक्य नव्हतं. दोघांनाही सोमवारी उत्तर हवं होतं.

"केयूराक सरळ नाय म्हणान सांग," मी म्हटलं.

"तोंड उघडलंय की 'हो सर'च भायर पडता."

मग त्याने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गावकार महादू देवापुढे मागणं मांडणार आणि जमलेले सगळे 'व्हय महाराजा' म्हणून त्याला होकार देणार. चारचौघांत देवाला दिलेला शब्द आमच्याकडे कोणी फिरवत नाही. "मगे माका सही करूक येवचीच नाय," सत्यवान म्हणाला. देवाच्या तोंडून केयूरला नाही म्हणायची ही युक्ती! मी हसलो, पण मलाही बरं वाटलं. शनिवारी माझ्यासमोर त्याने महादूला सांगितलं, "ह्या कामातसून माका सोडव, असा देवाक सांग." महादू कपाळाला आठी घालून "बरा" म्हणाला.

रविवारी सकाळी नारळ ठेवला. महादूने हात जोडून खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा महाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाशी नारळ ठेवल्यान आसा, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"ह्येच्या कामात काय वाकडा आसात ता दूर कर, आणि ह्येचा चललेला काम वर्सानुवर्सा असाच चलू दे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

मी दचकून सत्यवानाकडे बघितलं. त्याचे ओठ मिटलेले होते. लीलाकाकी हात जोडून त्याच्याकडेच बघत होती, तिच्या गालावर पाणी ओघळत होतं. महादू थांबला होता. ज्याचं गाऱ्हाणं त्याचा होकार आल्याशिवाय तो पुढे जाणार नव्हता. एक शब्द बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. बोल रे, मी मनात ओरडलो.

"व्हय महाराजा," सत्यवान म्हणाला.

बाहेर आल्यावर मी महादूला गाठलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "शनिवारी सत्यवानच चुकान बोललो," महादू म्हणाला. "चलता काम सुटू दे म्हणान देवाक कोण सांगता? मी सुधारून घातलंय."

सोमवारी सत्यवानाने करारावर सही केली. मग शर्मिष्ठाबाईंचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. त्यांनाही नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं. त्याने मालिकेच्या करारावर सही केली, हे मी त्यांना सांगितलं.

"पण त्यांना स्वतःला करायचं नाहीये का?" त्यांनी विचारलं.

सत्यवान माझ्यासमोर मान हलवत उभा होता. ती मान 'हो'ची होती की 'नाही'ची, मला कळेना. मला त्याचा इतका राग आला होता की मी विचारलंही नाही. "नाही करायचं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.