चहासाठी थांबवलेला सिनेमा

सिस्टरबाई सिनेमा थांबवून ठेवायच्या. आता माझी नात जेवताजेवता मोबाइलवरचा सिनेमा दहा वेळा थांबवते आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पण तेव्हा आमच्या दिंद्रुडात सिनेमा आपल्यासाठी थांबतो ही गोष्ट मला सूर्य थांबण्याइतकी मोठी वाटायची. बरोबर चार वाजता सिस्टरबाई व्हीसीआरचं बटण दाबायच्या. टीव्हीतली माणसं होती तिथंच थरथरत उभी राहायची. मग सिस्टरबाईंचा हुकूम सुटायचा, "पळा गं बायांनो! जिच्या तिच्या घरी चहा टाकून या. तवर मी यांना धरून ठेवते."

सिस्टरबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मूळच्या जालन्याकडच्या. गावात असा दंड नव्हता ज्याला त्यांची सुई माहीत नव्हती. एरवी त्या दिसल्या की पोरं घरात पळायची, पण नाताळच्या आठवड्यात अख्खी गल्ली त्यांच्या क्वार्टरकडे पळायची. त्या माजलगावहून भाड्याचा व्हीसीआर आणायच्या, तोही एसटीत मांडीवर घेऊन, बाळंतिणीचं बाळ आणावं तसा. सोबत तीन कॅसेटी. दर वर्षी त्याच तीन! एक घोडागाडीचा सिनेमा, एक हॉटेलातला आणि एक म्हातारीचा. नावं आम्हीच ठेवलेली, कारण खरी नावं इंग्रजीत होती आणि ती घेताना आमची जीभ अडखळायची. कुणी म्हणालं, "औंदा नवा आणा की," तर त्या म्हणायच्या, "पुरणपोळी काय दर होळीला नवी करतीस का?"

इंग्रजी कुणाला कळत होतं? सिस्टरबाई टीव्हीशेजारी स्टुलावर बसून सगळं आमच्या बोलीत सांगायच्या. "ती म्हणतीय, लई बर्फ पडलाय, नका जाऊ." "तो म्हणतोय, तू गप बस." नायक-नायिका जवळ आले की त्यांचा आवाज कडक व्हायचा. "हे तुमच्या कामाचं न्हाई. खाली बघा." आम्ही वीसजणी खाली बघायचो, पण बुबुळं वरच. मी त्या वीसजणींत सर्वांत शहाणी, म्हणजे माझ्या मते. तेहतीस वर्षांची, दोन लेकरांची आई, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नापास झालेली. पहिल्या वर्षी बर्फ बघून मी ठणकावून सांगितलं होतं, "हा कापूस हाय. मी दुकानदाराची बायको हाय, मला कळतं." सिस्टरबाईंनी दवाखान्यातला कापूस पसरून बोरीची फांदी सजवली होती, तिच्याकडे बोट दाखवून पुरावाही दिला. त्या हसल्या नाहीत. "असू दे," म्हणाल्या, "तुमच्याच शेतातला समज." त्यानंतर आठवडाभर मी त्या नायिकेसारखा गळ्यात मफलर बांधून दुकानात शाम्पूच्या पुड्या विकल्या. डिसेंबरातली आमची दुपार म्हणजे घामाला बोलावणं. गिऱ्हाइकं विचारायची, "वैनी, घसा बसलाय का?"

तर तो म्हातारीचा सिनेमा. एका म्हातारीची लेक मनाविरुद्ध लग्न करून घर सोडून जाते. वर्षानुवर्षं बोलणं नाही. मग एका नाताळला म्हातारी बर्फातून चालत चालत लेकीच्या दारी येते, दार वाजवते... आणि चार वाजायचे! दर वर्षी दोनला लावलेला सिनेमा नेमका त्या दारापाशीच चारला पोचायचा. म्हातारीचा हात दारावर, आत दिवा आणि आम्ही चपला शोधतोय.

बाकीच्या बायका चहा टाकून धावत परत यायच्या. मला मात्र कधी येताच आलं नाही. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि आवाजात पोलीसपाटील. चहाचा कप खाली ठेवण्याआधी पुढचं काम तयार. "तूर निवडून ठिव." "वाती वळ." तोवर पाच वाजायचे आणि पाचला लाइट जायची ती रात्रीपर्यंत. त्या व्हीसीआरचंही एक दुखणं होतं. पाचेक मिनिटं थांबवून ठेवलं की तो आपोआप बंद पडायचा. मग सिस्टरबाई कॅसेट जरा मागं घेऊन पुन्हा दारापाशी आणायच्या, पुन्हा थांबवायच्या. चित्र खराब झालं की झाकण उघडून आत स्पिरिटचा बोळा फिरवायच्या, दंडाला सुईच्या आधी लावतात तसाच. एका वर्षी माझ्यासाठी त्यांनी असं पाच वाजेपर्यंत केलं. बायका ओरडल्या, "लावा की ओ सिस्टरबाई!" तर म्हणाल्या, "सुई आणि सिनेमा अर्धा सोडायचा नसतो. मंगल येऊ दे." मंगल आली नाही, लाइट गेली आणि शेवट कुणालाच दिसला नाही. बायका आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनी कुंपणावरून मला शेवट सांगायला तोंड उघडलं, तर मी कानांवर हात ठेवले. "सांगू नका! मी बघणार हाय." सहा नाताळ मी हेच म्हणत होते.

सातव्या नाताळला सिस्टरबाईंच्या बदलीचा कागद आला. वर्ष संपायच्या आत जायचं होतं. माजलगावात तेव्हा केबल आली होती, आमच्याकडेही तारा ओढणं चाललं होतं. सिनेमांना आता तोटा नव्हता, पण ती म्हातारी सिस्टरबाईंबरोबरच जाणार होती. त्या एवढंच म्हणाल्या, "मंगल, औंदा ते दार तुझ्यासमोर उघडायचं. मग मी जायला मोकळी."

मी डोकं चालवलं. तुम्हाला सांगते, माझं डोकं चाललं की समजायचं काहीतरी बिघडणार. जेवणं झाल्यावर आत्याबाई लवंडल्या तशी मी स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ तासभर मागं केलं. आता चार वाजले तरी घरात तीनच! मी स्वतःवर इतकी खूश झाले, की उतरताना स्टुलावरून पडले आणि तरी हसतच सिस्टरबाईंकडे गेले.

सिनेमा रंगला. म्हातारी बर्फातून निघाली. आणि चार वाजता माजलगावची एसटी हॉर्न देत गावात शिरली! आमच्या आत्याबाईंनी जन्मात कधी चहासाठी घड्याळ बघितलं नव्हतं. त्यांचा चार वाजताचा चहा त्या एसटीच्या हॉर्नवर चालायचा. हे मला, त्या घरात बारा वर्षं चहा करणाऱ्या शहाणीला, स्टुलावर चढताना आठवलं नव्हतं.

"मंगलेऽऽ!"

आवाज अंगणातूनच आला. सिस्टरबाई जन्मात कुणाला भ्यायल्या नव्हत्या, पण त्यांचा हात आपोआप बटणावर गेला. म्हातारीचा हात दारावर, आत दिवा. आत्याबाई काठी टेकत उंबऱ्यात उभ्या. मी एका जाड बाईच्या मागं लपले. तेहतीस अधिक सहा, एकोणचाळीस वर्षांची मी!

"कुठं हाय ती? चहाची येळ झाली, आन् घड्याळ म्हणतंय तीन. मेलं का काय ते घड्याळ..." बोलता बोलता त्यांची नजर टीव्हीवर गेली. थांबवलेलं चित्र थरथरत होतं, ते तसंच थरथरायचं. आत्याबाई दोन पावलं पुढं आल्या.

"ही कोण?"

"लेकीच्या दारी आलीय," सिस्टरबाई म्हणाल्या.

"किती कापतीय बघा थंडीनं!" आत्याबाई आमच्या सगळ्यांवर खेकसल्या. "आन् तुमी वीसजणी बघत बसलाव? कावून हुबं केलंय तिला भायेर? आधी आत घ्या म्हातारीला!"

सिस्टरबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.

दार उघडलं. लेकीनं दार उघडलं हो! ती काय बोलली हे सांगायचं सोडून सिस्टरबाई पहिल्यांदाच स्टुलावरून उठल्या आणि आमच्यात येऊन बसल्या. सांगायची गरजही नव्हती. आत्याबाई मटकन सतरंजीवर बसल्या. परक्याच्या घरी केळ्याशिवाय काही न खाणारी ती बाई, सिस्टरबाईंच्या दोन करंज्या न बघता खाऊन बसली. सिनेमा संपल्यावर पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चांगली हाय पोरगी. उशिरा का व्हईना, उघडलं." मग माझ्याकडे वळून, "आन् घड्याळ तूच बिघडवलंस ना गं?"

त्या दिवशी गावातल्या पुष्कळ घरांत चहा पाच वाजता झाला. आमच्या घरी तर ह्यांनी स्वतः केला. दुधाला वास लागला होता, पण तक्रार करायची हिंमत त्यांच्यात नव्हती.

तीन दिवसांनी सिस्टरबाई निघाल्या, त्याच चारच्या एसटीनं. माजलगावहून आलेली गाडी दहा मिनिटांत परत फिरायची. सगळ्या बायका स्टँडवर. सिस्टरबाई खिडकीत बसल्या, मांडीवर परत द्यायचा व्हीसीआर. मी खूप काही बोलायचं ठरवून गेले होते आणि तोंडातून निघालं ते, "तो बर्फ म्हंजे कापूस न्हाई, मला म्हाईत झालंय." त्या म्हणाल्या, "मग आता काय मजा राहिली?"

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, तोच गर्दीतून काठी वर झाली.

"थांब रे! बाईचा चहा व्हायचाय अजून."

आत्याबाई किटली घेऊन आल्या होत्या. चार वाजताचा पहिला पेला आमच्या घरात सासऱ्यांशिवाय कुणाला कधी मिळाला नव्हता. तो त्यांनी खिडकीतून सिस्टरबाईंच्या हातात दिला. ड्रायव्हरनं इंजीन बंद केलं नव्हतं. अख्खी गाडी थरथरत होती, आणि खिडकीतल्या सिस्टरबाई, त्यांच्या हातातला पेला, पेल्यातला चहा, सगळं होतं तिथंच उभं राहून थरथरत होतं.

"सावकाश पी," आत्याबाई म्हणाल्या. "आमी धरून ठिवलंय."